चिठ्ठ्यांचा डबा आणि भुयाराचे नियम
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'शाळेने मला काय दिलं' हा विषय दिला आहे. माझ्या आधीच्या तिघांनी शिस्त, संस्कार आणि वक्तशीरपणा हे सगळं घेऊन टाकलं, त्यामुळे माझ्या वाट्याला फारसं काही उरलेलं नाही. म्हणून मी एका खेळाबद्दल बोलतो. आठवी ते दहावी, शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही सहा-सात जण मागच्या वर्गात तो खेळायचो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटायचं की आम्ही अभ्यास करतोय. काहींना वाटायचं की आम्ही भुताखेतांच्या नादी लागलोय. दोन्ही थोडंथोडं खरं होतं.

या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत आणि शेवटी कुणी जिंकत नाही. एक जण सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, 'तुमच्यासमोर दगडी दार आहे, खालच्या फटीतून गार वारा येतोय, ओल्या मातीचा वास आहे. तुम्ही काय करता?' आणि ते सांगतील ते करतात. जमलं की नाही हे फासा ठरवतो.

हा खेळ आमच्या डोक्यातून आलेला नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापला, नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, तीही घरी बसून डब्यांत भरलेली. गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता, नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करायचा. पण मला जास्त आवडते ती त्याआधीची गोष्ट. ही मंडळी मुळात खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळणारी. एच. जी. वेल्सने १९१३ मध्येच अशा लढायांच्या नियमांचं एक पुस्तक लिहिलं होतं. पुढे १९७१ च्या सुमारास आर्नेसनच्या टोळक्याने पलटणीऐवजी एकेका माणसाला एकेक सैनिक दिला आणि त्याला किल्ल्याच्या खालच्या भुयारात उतरवलं. बस, एवढाच बदल.

आता सांगा, हे आपल्याला परकं आहे का? दिवाळीत आपण सगळ्यांनी किल्ले केलेत. माती, पोती, विटा, वर पेरलेले अळीव, बाजारातून आणलेले मावळे, सिंहासनावर महाराज. आणि प्रत्येक किल्ल्याला एक गुहा असायचीच, आणि तिच्यात वाघ. त्या गुहेत पुढे काय आहे, असं एखादा लहान भाऊ विचारायचा, आणि आपण काहीतरी ठोकून द्यायचो. तो भाऊ खेळाडू आणि आपण सूत्रधार. अमेरिकेतल्या लोकांनी त्याचे नियम लिहिले, आपण दर वर्षी तो किल्ला मोडून टाकला.

आपल्या वर्गातल्या एकाच्या मामांनी अमेरिकेहून कपड्यांच्या पार्सलमधून हे पुस्तक पाठवलं. १९८१ ची आवृत्ती, चौसष्ट पानं. पुस्तक आलं, फासे आले नाहीत. या खेळाला सहा बाजूंचा साधा फासा पुरत नाही. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात. नाशिकमध्ये वीस बाजूंचा फासा मागायला गेलो तर मेन रोडवरच्या दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून लक्षात आहे. मग आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सहाच्या फाशाला ल्युडो होताच, आणि तोही हरवला तर षटकोनी पेन्सिलीच्या सहा बाजूंवर आकडे कोरून ती बाकावर घरंगळत सोडायची.

खूप वर्षांनी मला कळलं की १९७९ मध्ये खुद्द त्या कंपनीलाच फासे कमी पडले होते. तेव्हा त्यांनी खेळाच्या डब्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले, कापून घ्या आणि पेल्यात हलवून उचला म्हणून. म्हणजे आमचा जुगाड कंपनीमान्य होता! आणि ते बहुबाजूंचे फासे मुळात मिळाले होते कुठे, तर शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये. हे मी समोर बसलेल्या गणिताच्या सरांसाठी मुद्दाम सांगतोय.

कारण सरांनी आम्हाला पकडलं होतं. काळ लक्षात घ्या. रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत चालू होतं, शकुनीचे फासे घराघरांत पोचले होते. अशात शनिवारी दुपारी सर मागच्या वर्गात आले तर सात मुलं एका डब्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढतायत आणि एक जण वहीत लिहून घेतोय. सर म्हणाले, "मटका सुरू केलात का रे?" डबा, वही, ल्युडोचे फासे सगळं जप्त. सोमवारी स्टाफरूममध्ये बोलावणं. आम्ही पालकांच्या सह्यांची तयारी करून गेलो. सरांनी वही वाचली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पात्राची ताकद ठरवायला तीन फासे टाकून बेरीज करता. अठरा किती वेळा येईल?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर दाखवलं. तीन फाशांचे एकूण दोनशे सोळा प्रकार, त्यात अठरा एकदाच. दहा सत्तावीस वेळा आणि अकराही सत्तावीस वेळा. "म्हणून तुमच्या वहीत भीम एकही नाही आणि साधी माणसं भरपूर आहेत," सर म्हणाले. नववीत शिकलेलं बाकीचं बरंच विसरलो, ते दोनशे सोळा अजून पाठ आहेत. आणि हो, सरांनी आमच्या भुयाराच्या नकाशाला प्रमाण नाही म्हणून एक गुण कापला होता. गुण कशातला, ते आम्ही विचारलं नाही.

त्या इंग्रजी पुस्तकातले निम्मे नियम आम्हाला समजले नाहीत, उरलेल्यांतले काही पटले नाहीत. म्हणून आम्ही आपले नियम केले. ती वही आज मी आणली आहे, बाहेर फोटोंच्या टेबलावर ठेवली आहे. बघा, पण चहाचा कप लांब ठेवा.

पुस्तकातल्या 'हिट पॉइंट्स'ना आम्ही 'दम' म्हणायचो. अजून मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. दम संपला की माणूस पडतो, जखम किती खोल वगैरे भानगड नाही. सामानासाठी पुस्तकात वजनांचा मोठा हिशेब होता. आमचा दप्तराचा नियम सोपा होता: एकरेघी वहीच्या दहा ओळी, एका ओळीत एक वस्तू, चिलखत घातलं तर दोन ओळी गेल्या. अकरावी वस्तू हवी असेल तर एक खोडा. दोर सोडायचा की शिदोरी, यावर जेवढी भांडणं झाली तेवढी राक्षसांवर झाली नाहीत. मशालीचा नियम मात्र पुस्तकातलाच ठेवला. एक मशाल तासभर, दहा-दहा मिनिटांच्या सहा चौकटी, प्रत्येक चौकटीला खूण. चौथी खूण झाली की माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मांत्रिकाचा मंत्र एकदा म्हटला की तो विसरतो, असं पुस्तक सांगायचं. का विसरतो, ते पटेना. मग आम्ही मंत्र चिठ्ठीवर लिहायला लावला आणि वापरला की चिठ्ठी फाडायची. हातातला कागद टरकन फाटला की कुणी कारण विचारत नाही. सूत्रधार होऊ पाहणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे. नियम समजावून सांगत बसू नका, तो हाताला जाणवेल असा करा.

गावाकडे परत आणलेल्या सोन्यावर पात्राची पायरी वाढते, हा जुन्या खेळाचा गाभा. राक्षस मारल्याचं मोल अगदी थोडं, सोनं परत आणल्याचं खूप. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळतो. पण आमच्यात नववीत एक मैत्रीण आली (ती इथेच बसली आहे, नाव घेतलं तर मारेल), आणि तिने पहिल्याच शनिवारी विचारलं, "सोनं आणून त्याचं करता काय?" आम्ही काहीच करत नव्हतो. तिने नियम घातला: सोनं गावात खर्च केलं तरच पायरी वाढेल, आणि बारव, घाट, धर्मशाळा यांवर केलेला खर्च दुप्पट धरायचा. दहावीच्या सहामाहीपर्यंत आमच्या कल्पनेतल्या गावात चार बारवा आणि एक पांजरपोळ उभी होती. आर्नेसनच्या गटातही सोनं खर्च केल्यावरच अनुभव मिळायचा, हे मी पुढे वाचलं. पण त्यांच्याकडे पांजरपोळ होती असं कुठे आढळलं नाही.

तिचाच दुसरा गुण म्हणजे ती बोलायची. भुयारात कुणी समोर आलं की आम्ही पोरं तलवारी काढायचो. पुस्तकात लिहिलं होतं की समोरचा कसा वागेल हे दोन फासे टाकून ठरवा. दोन आले तर थेट हल्ला, बारा आले तर दोस्ती, मधे सगळे संशय आणि वाटाघाटी. दोन किंवा बारा छत्तीसांत एकेकदाच येतात. म्हणजे बहुतेक वेळा समोरचा राक्षसही तुमच्यासारखाच विचारात पडलेला असतो. आम्ही हा नियम उडी मारून पुढे जायचो, तिने तो वाचायला लावला. दाराशी बसलेल्या हडळीला तिने विचारलं, "तुला काय हवंय?" मी सूत्रधार, मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "दिव्याला तेल." पुढचे दोन महिने ती हडळ आमच्या बाजूने होती. तेव्हापासून मी भुयारात कुणालाही ठेवताना त्याला काय हवंय ते आधी लिहितो, त्याचा दम नंतर.

जागा आम्ही आपल्याच घेतल्या. नाथमाधवांचा 'वीरधवल' आणि 'चांदोबा'तला वेताळ हे मालमसाल्याला होतेच. (नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. द्वारकेतल्या पोरांनी त्यांना गुरू मानावं, हे ठीकच.) पण नकाशा पांडवलेण्यांचा होता. सायकली काढून हायवेने जायचो, तीन नंबरच्या लेण्यात बसून मोजमाप घ्यायचो. ओसरीचं सगळं ओझं खांद्यावर घेतलेले ते दगडी यक्ष आठवतात का? सहा आहेत. आमच्या खेळात रात्री त्यांतला एक विश्रांतीला जायचा, आणि त्या रात्री तिथे कुणी थांबायचं नाही.

रामशेज इतिहासाच्या बाईंकडून आला. पेठ रस्त्याच्या बाजूला दिसतो तो किल्ला, संभाजी महाराजांच्या काळात १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक मुघलांना दाद न देणारा. आत लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या करून त्यांना कातडी चढवली असं सांगतात. आणि वेढा घालणाऱ्यांनी शेवटी एक मांत्रिक आणला. त्याने सोन्याचा साप करून मागितला, तो हातात धरून पुढे निघाला, आणि गोफणीचा दगड छातीवर बसताच मांत्रिक एकीकडे आणि साप दुसरीकडे. बाईंनी हे वर्गात पाच मिनिटांत सांगितलं, आम्ही ते पाच शनिवार खेळलो. मी खेळाडूंना किल्ल्यात ठेवलं, हातात कातडी, लाकूड आणि दोर दिले, आणि विचारलं, 'तुम्ही काय करता?' उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते मुद्दाम. सूत्रधाराने अडचण तयार करावी, सुटका तयार करू नये. सुटका आधीच ठरवून ठेवली की पोरं ती तुमच्या चेहऱ्यावर शोधत बसतात.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो ती गोष्ट.

चिठ्ठ्यांच्या डब्याचा आमचा नियम असा होता की काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. वीसही संपल्या की मगच डबा पुन्हा भरायचा. फाशाला आठवण नसते, आमच्या डब्याला होती. वीस लवकर निघून गेला तर पुढे वीस नाही. आणि एक निघाला नसेल तर तो अजून आत आहे. एक म्हणजे घात: दोर तुटतो, तलवार मोडते, लढाईत असलात तर पडता.

आपल्या वर्गात एक मुलगा होता, आज तो इथे आहे, आणि हे सांगायला त्याने परवानगी दिली आहे. बोलताना अडखळायचा. वर्गात त्याला उभं केलं की आपण सगळे, मीसुद्धा, बाकाकडे बघायचो. त्याचा लढवय्या पूर्ण नववीभर टिकला होता. आमच्यातला सगळ्यात जुना. त्या शनिवारी बाकीचे जिना चढून वर पळत होते आणि खालचं दार कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं. डब्यात पाच चिठ्ठ्या उरल्या होत्या. सगळ्यांनी मोजल्या होत्या, त्यानेही. चार चांगल्या, आणि एक एकाची. तो म्हणाला, "मी धरतो." काढली. एक.

वर्गात आरडाओरडा झाला. पुन्हा काढू दे, चिठ्ठी चिकटली होती, ही धरायची नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चिठ्ठी बाकावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आमच्या वहीतला नियम वाचला: पडणाऱ्याला एक शेवटचं काम आणि एक शेवटचं वाक्य. त्याने दार लावून घेतल्याचं सांगितलं. वाक्य काही बोलला नाही. दप्तर उचललं आणि गेला.

दोन शनिवार तो आला नाही. सोनं खर्च करायला लावणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं होतं, आणि आजही आहे, की मी दुसरी चिठ्ठी काढू द्यायला हवी होती, खेळापेक्षा माणूस मोठा. मला तेव्हा ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याने चिठ्ठ्या मोजून, जाणून हात घातला होता. ती चिठ्ठी मी गिळून टाकली असती तर त्याचं दार धरणं हे नाटक झालं असतं, आणि ते त्याला सगळ्यांत आधी कळलं असतं. त्याला आयुष्यभर लोक सवलतच देत आले होते.

तिसऱ्या शनिवारी तो नवीन पात्र लिहून घेऊन आला. लढवय्या नाही, मांत्रिक नाही. त्या मेलेल्या लढवय्याची आई. मुलाचा देह न्यायला आली होती. पुस्तकात अशा पात्राला जागा नव्हती, मी वहीत केली. ती म्हातारी भुयाराच्या दाराशी उभी राहून पहारेकऱ्याशी बोलली, आणि बोलत राहिली, पाच-सात मिनिटं. अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. कुणी बाकाकडे बघितलं नाही. मी दोन फासे टाकले, सगळ्यांसमोर. नऊ आले. पहारेकऱ्याने वाट दिली.

तो बरा झाला, वगैरे मी म्हणणार नाही. तो आजही अडखळतो, आणि न्यायालयात वकिली करतो. मघाशी त्याने मला सांगितलं की साक्षीदाराला प्रश्न विचारताना त्याला कधीकधी ती म्हातारी उपयोगी पडते.

हे सगळं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. गेली चार वर्षं मी काठे गल्लीत आमच्या घरी दर रविवारी आठ-दहा मुलांना घेऊन हा खेळ खेळतो. जगात आता याच्या नव्या, जाड, रंगीत आवृत्त्या आहेत, आणि साधारण २००६ पासून जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांची एक मोठी लाटही परत आली आहे: नियम थोडे, निवाडा सूत्रधाराचा, फासा उघड्यावर. मुलांना वीस बाजूंचे फासे आता घरपोच मिळतात. तरी मी पत्र्याचा डबाच पुढे करतो, कारण फाशाला मोजता येत नाही, डब्याला येतं. मुलं भुयार कुठलं मागतात? द्वारका सर्कलच्या खालचा भुयारी रस्ता. माणसं त्यातून जायचं टाळतात, म्हणून पोरांची खात्री आहे की खाली काहीतरी राहतं. त्याला काय हवंय, ते मी लिहून ठेवलंय.

पण माझी बैठकीची खोली आता पुरत नाही, आणि शेजारच्या एका काकूंनी परवा विचारलंच, फासे-चिठ्ठ्या म्हणजे तुम्ही मुलांना नक्की शिकवता काय? मी त्यांना दोनशे सोळाचा हिशेब दाखवला. त्यांची नात आता येते. तेव्हा मुख्याध्यापक बाईंना माझी जाहीर विनंती आहे की शनिवारी दुपारी दोन तास एक वर्ग द्यावा. पंखा चालला तर उत्तम. सूत्रधार मी होईन, आणि वर्षभरात आठवीतलाच कुणी तयार करून देईन. पालकांनी येऊन मागच्या बाकावर बसावं, काही लपवलेलं नाही. गणिताच्या सरांनी महिन्यातून एकदा येऊन नकाशे तपासायचं कबूल केलंय. प्रमाण नसेल तर गुण कापणार आहेत.

आणि ज्यांना आजच बघायचंय त्यांच्यासाठी: जेवणानंतर तीन वाजता सातवी 'ब'च्या वर्गात डबा घेऊन बसतोय. आठ जणांची जागा आहे, वकीलसाहेबांनी एक आधीच धरली आहे. पेन्सिल आपापली आणा, षटकोनी असेल तर बरं.